कापसाची गाडी कोणाच्या पाठीवर चालली?

आपल्याकडे एखादी गोष्ट मेली की तिचं कौतुक सुरू होतं. वऱ्हाडातली शकुंतला बंद पडली आणि तिच्यावर गहिवरून लिहिणारे निघाले. गंजलेल्या रुळांचे फोटो आले. ओस पडलेल्या स्टेशनांवर कविता झाल्या. 'गरिबांची गाडी' असं तिचं बारसं झालं. गरीब हा शब्द लय सोयीचा आहे मित्रांनो. गरीब म्हटलं की जात लिहावी लागत नाही.

ह्या गाडीच्या इतिहासात कंपनीचं नाव सापडतं. इंजिन कुठल्या गावात तयार झालं ते सापडतं. रुळांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सापडतं. पण खडी कोणी फोडली, मातीचा भराव कोणी टाकला, गठाणी कोणी उचलल्या, भर पावसात रात्री कंदील घेऊन रूळ तपासत कोण चाललं, हे सापडत नाही. ते शोधायचं काम आपलं आहे. दुसरं कोणी करणार नाही.

हा लेख साखऱ्यात बसून लिहितो आहे. साखरा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातला सेनगाव तालुका. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडं वऱ्हाड. शकुंतलेचे रूळ आमच्या गावाजवळून गेले नाहीत. आमच्या जवळची रेल्वे म्हणजे हिंगोलीची. तरी दोन्हींचं कूळ एकच आहे. दोन्ही कापसासाठी आल्या. म्हणून शकुंतलेचा हिशोब मांडताना हिंगोलीचाही मांडावा लागतो.

फौज, कर्ज आणि कापूस

सुरुवात हिंगोलीपासूनच करू. हिंगोलीला पूर्वी छावणी होती. निझामाच्या नावाची पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज, तिला कंटिन्जंट म्हणत, तिच्या ठाण्यांपैकी हे एक. फौज इंग्रजांच्या कामाची, पगार निझामाच्या तिजोरीतून. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं. शेवटी १८५३ सालच्या तहात निझामानं त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. म्हणजे हिंगोलीसारख्या छावण्यांच्या पगारासाठी वऱ्हाड गहाण पडला. पुढं १९०२ च्या करारानं तो कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडं गेला.

इंग्रजांना वऱ्हाड का पाहिजे होता? काळी जमीन आणि तिच्यातला कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथं मळ्यांत काळे गुलाम कापूस वेचत आणि तो कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जाई. युद्धानं तो थांबला. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे. तिकडच्या गुलामाचा कापूस बंद झाला आणि त्याची जागा इकडच्या रानानं भरून काढायची होती. आपल्या कवींनी, लेखकांनी काळ्या अमेरिकनांशी नातं सांगितलं ते काही नुसतं भावनेचं नाही. बाजारानं ते नातं शंभर वर्षं आधीच जोडून ठेवलं होतं.

जीआयपी रेल्वे वऱ्हाडातून जात १८६७ साली नागपूरला पोहोचली. पण मोठी लाईन सगळ्या बाजारपेठांतून गेली नाही. मग फाटे काढले. जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा फाटा. त्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. आठ मैलांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! आपल्या वस्तीतल्या आठ मैलांच्या रस्त्यासाठी आज तलाठीसुद्धा येत नाही. कापसाची किंमत काय होती हे यावरून कळतं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड-दोन दशकांत आणखी फाटे झाले. मूर्तिजापूर हे मोठ्या लाईनवरचं जंक्शन. तिथून एक लहान लाईन कारंजा, दारव्हा करत यवतमाळला गेली, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरी अंजनगाव करत अचलपूरला गेली, सुमारे ७६ किलोमीटर. वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी असा तिसरा तुकडा, सुमारे ३५ किलोमीटर. रुळांमधली रुंदी अडीच फूट. मुंबईच्या किलिक निक्सन ह्या साहेबी पेढीनं ह्या फाट्यांसाठी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. मालक कंपनी, गाड्या चालवायची जीआयपी. लोकांनी तिला पुढं शकुंतला म्हटलं.

इकडं निझामाच्या मुलखात मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास झाली. त्या लाईनवरच्या पूर्णा स्टेशनातून १९१२ साली हिंगोलीपर्यंत फाटा आला. हिंगोलीला येऊन रूळ संपत. पुढं वऱ्हाड होता, पण तिकडं जोडणारी लाईन नव्हती. स्वातंत्र्यानंतर हिंगोलीपासून अकोला आणि खांडव्यापर्यंत जोडमार्ग झाला तेव्हा ते बंद टोक उघडलं. तोपर्यंत आमच्या भागातला कापूस पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद असा वळसा घेत मनमाडला जायचा आणि तिथून मुंबईला.

शकुंतलेला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरला बनवलेलं. कापूस मँचेस्टरला जायचा आणि तो ओढून न्यायला इंजिन मँचेस्टरहून यायचं. जाताना फायदा त्यांचा, येताना विक्री त्यांची.

माग बंद पडला, जिनिंग सुरू झाली

आता आपल्या माणसांकडं येऊ.

महार म्हणजे गावची येसकरी, वेठ आणि मेलेलं ढोर, एवढंच चित्र आपल्यालाही शिकवलं गेलं आहे. पण विदर्भाच्या मोठ्या भागात आपली माणसं जाडंभरडं कापड विणत. घरात माग होता. विकत घेणारा शेतकरी, राबणारा माणूस. मोठ्या नफ्याचा धंदा नव्हता, पण हातात कसब होतं. गावगाड्यानं दिलेल्या तुकड्यावर सगळं पोट नव्हतं.

रेल्वेनं दोन कामं एकदम केली. सूत काढायचा कापूस गावातून उचलून नेला, आणि गिरणीचं स्वस्त कापड गावात आणून टाकलं. जाताना डब्यात गठाण, येताना डब्यात कापड. दोन्हीच्या मध्ये आपला माग सापडला आणि मेला. परक्या कापडानं भारतीय विणकर बुडाला हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्या विणकरांत महारही होते हे पुस्तकात नसतं. देशभक्तांनी विदेशी कापडाच्या होळ्या केल्या तेव्हा आपल्या मागाची आठवण कोणाला झाली?

माग गेला म्हणून माणूस बसून राहिला नाही. फाट्याच्या प्रत्येक मोठ्या स्टेशनाजवळ जिनिंग आणि प्रेसिंग उभे राहिले होते. कापसातून सरकी काढायची ती जिनिंग. रुई दाबून गठाण बांधायची ती प्रेसिंग. हंगामात तिथं माणूस लागायचा आणि बाया फार लागायच्या. मालक, गुमास्ता, काटा करणारा वरच्या जातीचा. रेच्यावर कापूस टाकणारी, रुई उचलणारी, सरकी भरणारी आपली आणि आपल्यासारखीच दुसऱ्या खालच्या जातींची. कारखान्यात रुईचा कस धुक्यासारखा तरंगतो. तो नाकात, घशात, छातीत जातो. हंगाम संपला तरी खोकला संपत नाही. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया डोक्याला फडकं गुंडाळून जात आणि घरी आल्यावर भुवया पांढऱ्या दिसत, असं घरोघरी सांगतात. ती म्हातारी झाली नव्हती, ती कामावरून आली होती.

पण हेही खरं आहे, आणि खरं लिहिलं पाहिजे, की ह्या कामाचे पैसे मिळत. रोख. सणाला भाकरी मागायला पाटलाच्या दारात उभं राहायचं नाही. हाजरी लागली, पैसे घेतले, बाजार केला. गावात वेठ होती. बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नाही, मजुरी मागायची तर बातच सोडा. निझामाच्या राज्यात तर वेठीला अंतच नव्हता. अशा माणसाला शनिवारी हातात पडलेला रुपया काय वाटला असेल? शोषण तिथंही होतं. पण रोख पैसा घेणाऱ्या माणसाला उद्या दुसरीकडं जाता येतं. वेठीच्या माणसाला जाता येत नाही. हा फरक आपल्या बापजाद्यांना पुस्तक न वाचता कळला होता.

गठाण एक, हात नऊ

नऊ हात हा शब्दाचा खेळ नाही. मोजून पाहा. शेतातून कापूस बैलगाडीत भरला, एक. गाडीतून जिनिंगच्या आवारात उतरवला, दोन. रेच्यावर नेऊन टाकला, तीन. रुई उचलून प्रेसमध्ये भरली, चार. बांधलेली गठाण स्टेशनच्या मालधक्क्यावर नेली, पाच. धक्क्यावरून लहान गाडीच्या डब्यात चढवली, सहा. मूर्तिजापूरला लहान डब्यातून काढून मोठ्या लाईनच्या डब्यात टाकली, सात. मुंबईला डब्यातून गोदामात, आठ. गोदामातून बोटीत, नऊ.

ह्यातलं सातवं काम नीट समजून घ्या. शकुंतलेचे रूळ अडीच फुटांचे. मोठ्या लाईनचे साडेपाच फुटांचे. लहान लाईनचा डबा मोठ्या लाईनवर चालत नाही. मग मूर्तिजापूरला दोन्ही डबे समोरासमोर लावायचे आणि मधून माणसानं माल वाहायचा. मनमाडला तेच. निझामाची मीटरगेज सव्वातीन फुटांची, जीआयपीची साडेपाचाची. मराठवाड्यातलं प्रत्येक पोतं, प्रत्येक गठाण तिथं माणसाच्या अंगावरून पलीकडं जायची. कंपन्यांनी अरुंद रूळ टाकले कारण ते स्वस्त पडतात. वाचलेला पैसा भागीदारांच्या खिशात गेला. स्वस्ताईची किंमत जंक्शनवरच्या हमालानं पाठीनं भरली, आणि ती एकदा नाही, रोज.

त्या काळची पक्की गठाण ३९२ पौंडांची. बंगाली मणानं पावणेपाच मण. आजच्या हिशोबात पावणेदोनशे किलोच्या आतबाहेर. ती लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. हातात आकडा घेऊन गठाण अंगावर घ्यायची आणि फळीवरून चालत जायचं. पट्टी सुटून लागली तर हात फाटतो. फळी घसरली तर माणूस गठाणीखाली. हमाल रेल्वेचा नोकर नसायचा, ठेकेदाराचा असायचा. म्हणून हात फाटला तर तो रेल्वेच्या वहीत फाटायचा नाही. पेन्शन नाही, पास नाही, दवाखाना नाही. माथाडी आणि हमालांसाठी महाराष्ट्रात कायदा झाला तो १९६९ साली. तोवर शकुंतलेचं वय पन्नाशीच्या पुढं गेलं होतं आणि तिचे पहिले हमाल मरून गेले होते.

गँगमनची जात

रेल्वेच्या डब्यानं जात मोडली असं सुधारक सांगत आले. तिकीट घेतलं की शेजारी कोणीही बसतो, म्हणून. त्यात थोडं खरं आहे. तिकिटावर जात छापलेली नसते. पण स्टेशनात उतरल्यावर काय?

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली हकीकत आहे. १९०१ सालची. वडील गोरेगावला नोकरीत होते. भीमराव आणि बरोबरची मुलं साताऱ्याहून आगगाडीनं निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला. मुलं महाराची आहेत हे कळताच तो मागं सरला आणि त्याचा चेहरा बदलला. मग एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं. मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानानं बाजूनं पायी चालायचं. रेल्वेतून आलेली मुलं रेल्वेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताक्षणी गावगाड्यात सापडली. लोखंडी रूळ संपले की जातीचे रूळ सुरू होत होते.

नोकरीतही तेच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगाराचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी सांगितलं ते ह्याच परिषदेत. आपण हे वाक्य भिंतीवर लिहितो, भाषणात म्हणतो. पण ते रेल्वेच्या माणसांसमोर का सांगितलं, इकडं लक्ष देत नाही. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचा पंचनामा केला आहे. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. वर चढायला वाट नाही. साधा पोर्टरसुद्धा त्याला करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचं काम करून घेतो, आणि महार घरात कसा चालेल! वर्कशॉपमधल्या कारागिरीच्या जागाही त्याला बंद. म्हणजे भांडवलदारानं मजुरी कमी दिली हा एक मार. आणि बरोबरच्या कामगारानं, साहेबानं जात पाहून वाट अडवली हा दुसरा मार. पहिला मार सगळ्या कामगारांना. दुसरा फक्त आपल्याला. लाल झेंडेवाले मित्र पहिल्यावर बोलायचे आणि दुसरा आला की म्हणायचे, फूट पाडू नका. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसं असा अर्थ नाही, स्वातंत्र्य-समता-बंधुता नाकारणारी वृत्ती असा आहे आणि ती सगळ्या वर्गांत भरली आहे, हेही बाबासाहेबांनी तिथंच बजावलं.

मनमाड हेच ते जंक्शन, जिथं आमच्या हिंगोलीची गठाण मीटरगेजवरून मोठ्या डब्यात जायची.

गँगमनचं काम काय असतं ते तरुण पोरांना माहीत नाही. म्हणून सांगतो. दहा-पंधरा जणांची टोळी. तिच्यावर मेट आणि मुकादम. काही किलोमीटरचा तुकडा त्यांच्याकडं. स्लीपरखालची खडी टिकावानं ठासायची, वाकलेला रूळ पहारीनं सरळ करायचा, भराव धुपला की माती टाकायची. चावीवाला रोज आपला तुकडा पायी तुडवायचा, खांद्यावर हातोडा आणि मोठा पाना, सुटलेली चावी ठोकत जायचा. पावसाळ्यात रात्री गस्त. पूल वाहिला तर गाडी थांबवायची जबाबदारी त्याची. थंडीत रूळ आकसतो, उन्हाळ्यात फुगतो, ते त्याला पायाला कळायचं. इंजिनिअरची पदवी नव्हती, पण लाईन जिवंत ठेवणारा तोच.

आमच्या नात्यातले एक म्हातारे गँगमन होते. आता हयात नाहीत. टोळीत बहुतेक आपलीच माणसं, मेट दुसऱ्या जातीचा, असं सांगायचे. स्टेशनावर पाणी देणारा पाणीपांडे असायचा. तो वरून धार सोडायचा, ओंजळ करून प्यायचं, भांड्याला हात लावायचा नाही. "आम्ही रूळ ठासला नसता तर ह्याचं पाण्याचं पिंप तरी कुठून आलं असतं," असं म्हणून म्हातारा हसायचा. हसण्यात राग होता, तो आम्हाला उशिरा कळला.

तरी त्या म्हाताऱ्यानं पोरं शिकवली. कशाच्या जोरावर? महिन्याचा पगार, पास आणि जंक्शनची शाळा. रेल्वेच्या माणसाला गाव सोडता आलं. भुसावळ, मनमाड, पूर्णा अशा रेल्वेच्या गावांत आपली वस्ती वाढली, गावकीच्या पाटलाचा हात तिथवर पोहोचत नव्हता. 'जनता'चा अंक गाडीनं यायचा. सभेला जायला गाडी होती. पूर्णेचं बुद्धविहार आज मराठवाडाभर माहीत आहे. धम्माचं काम रेल्वेच्या गावात मूळ धरतं हा योगायोग नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं, खेडं म्हणजे अज्ञान आणि कोतेपणा. आपल्या किती माणसांनी ते खेडं गँगमनची पहार हातात घेऊन सोडलं, ह्याची मोजदाद अजून कोणी केली नाही.

१९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. पुढं टक्का वाढला. गँगमनचा मुलगा क्लार्क झाला, गार्ड झाला, क्वचित स्टेशनमास्तर झाला. मसूर स्टेशनचा हिशोब असा हळूहळू फिटू लागला.

बंद कशी पडली

१९५१ पासून देशातल्या रेल्वे एकत्र करून सरकारी विभाग झाले. बार्शी लाईट रेल्वे ही आमच्या लातूरकडची लहान गाडीसुद्धा १९५४ ला सरकारनं घेतली. शकुंतला मात्र राहिली. मालकी कंपनीचीच, चालवायची सरकारी मध्य रेल्वेनं. साहेब गेला, साहेबाचा करार राहिला. अशा घराची डागडुजी कोण करणार? मालक म्हणतो तुम्ही वापरता. भाडेकरू म्हणतो घर तुमचं. रूळ जुने झाले, स्लीपर कुजले, वेग घटत गेला.

तेवढ्यात कापूस ट्रकवर चढला. १९७२ साली राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. खरेदी केंद्र, जिनिंग, गोदाम अशा फेऱ्या रस्त्यानं होऊ लागल्या. ट्रक दारात येतो, दोनदा डबा बदलावा लागत नाही. मालगाडीचं काम गेलं, राहिली प्रवाशांची गाडी. पैसेवाले एसटीनं, पुढं स्वतःच्या फटफटीनं जाऊ लागले. शकुंतलेत उरला मजूर, भाजीची पाटी घेतलेली बाई, दवाखान्याला निघालेलं म्हातारं. ज्या गाडीत आपण उरतो त्या गाडीवर खर्च होत नाही. शाळेचं तेच होतं, दवाखान्याचं तेच होतं.

१५ एप्रिल १९९४ ला मँचेस्टरचं वाफेचं इंजिन निवृत्त झालं. सत्तर वर्षांवर त्यानं ओढलं. डिझेल इंजिन आलं, वेग वाढला नाही. नोकर इतके कमी केले की तिकीट फाडायचं, सिग्नल पाहायचा, इंजिन सोडवायचं काम तीच पाच-सात माणसं करू लागली. २०१६ साली ब्रॉडगेज करण्याची मंजुरी जाहीर झाली. त्यानंतर मूर्तिजापूरच्या दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या थांबल्या, आणि २०२० उजाडेपर्यंत तिथं गवत होतं.

हिंगोलीचं तसं झालं नाही. पूर्णा-अकोला लाईन २००८ साली ब्रॉडगेज झाली, गाड्या वाढल्या. चांगलं झालं. पण तिथंही एक गोष्ट बदलली. गँगमनला आधी ट्रॅकमन म्हणू लागले, मग ट्रॅक मेन्टेनर. नाव इंग्रजी झालं. आणि त्याच्या हातातली पुष्कळ कामं ठेकेदाराकडं गेली. रेल्वेच्या भरतीला आरक्षण आहे. ठेकेदाराच्या भरतीला नाही. बापाला मिळालेली पहार पोराला मिळते, पण पहारीबरोबरचा पगार, पास, पेन्शन मिळत नाही. मनमाडला १९३८ साली आपण वर चढायची वाट मागत होतो. आज खालची पायरीच काढून नेली जाते आहे आणि आपण शकुंतलेच्या फोटोला हार घालतो आहोत.

आपलं काम

बंद गाडीचं काय करायचं, असं पोरं विचारतील. तीन कामं आहेत.

पहिलं काम आठवणींचं. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, अंजनगाव, अचलपूर, पुलगाव, आर्वी, आणि इकडं हिंगोली, पूर्णा. ह्या गावांतल्या आपल्या वस्तीत जा. ऐंशीच्या पुढची माणसं गाठा. गँगमन, हमाल, फाटकवाले, जिनिंगमधल्या बाया. बायांना आधी विचारा, कारण त्यांना कधीच कोणी विचारलेलं नाही. मजुरी किती होती, कोणाच्या हातून मिळायची, पाणी कुठं प्यायचा, मेट कोण होता, अपघात झाला तर काय मिळालं, पहिली भीमजयंती वस्तीत कधी झाली. जसं बोलतील तसं लिहा. त्यांची भाषा सुधारू नका.

दुसरं काम कागदांचं. घरातल्या पत्र्याच्या पेटीत सर्व्हिस बुक, जुना पास, पितळी बिल्ला, पगाराची चिठ्ठी असते. म्हातारा गेला की ते रद्दीत जातं. ते जपा. वरच्या जातींच्या घरात सनदा जपून ठेवतात आणि त्यावर इतिहास उभा राहतो. गँगमनचा बिल्ला ही आपली सनद आहे. फरक एवढाच की ती बक्षीस मिळालेली नाही, राबून मिळवलेली आहे.

तिसरं काम आजचं. जिथं लाईन बंद पडते तिथं रुळाकाठची पट्टी मोकळी दिसते, आणि जिथं मोकळी जमीन दिसते तिथं झोपडी उभी राहते. ती झोपडी बहुतेक कोणाची असते ते सांगायला नको. उद्या रुंद रूळ टाकायला मोजणीवाला येईल तेव्हा पहिली नोटीस तिथंच चिकटेल. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नव्या लाईनचा वर्धा ते कळंब तुकडा २०२४ साली सुरू झाला आहे, काम पुढं सरकतं आहे. रेल्वे यावी, आपला विरोध नाही. रेल्वेनं आपल्याला गावकुसातून बाहेर काढलं आहे. पण सातबाऱ्यावाल्याला मोबदला आणि आपल्या माणसाला नोटीस, हे चालणार नाही. कुठल्या वस्तीत किती घरं, किती वर्षांपासून, कोणाकडं कोणता पुरावा, ही यादी आत्ताच करा. बुलडोझर आल्यावर यादी होत नसते.

ब्रॉडगेज झाली की उद्घाटनाला मंत्री येतील. १८७० ला व्हाइसरॉय आला तसे. भाषणात कापूस उत्पादकाचं नाव घेतील, व्यापाऱ्याचं घेतील, शकुंतलेच्या रम्य आठवणी काढतील. त्या दिवशी आपल्या हातात नावांची वही असली पाहिजे. ह्या लाईनची खडी ह्यांनी फोडली, ह्या गठाणी ह्यांनी उचलल्या, ह्यांचा हात इथं तुटला. वही नसेल तर बोलू नका, असली तर गप्प बसू नका.

जे सापडेल ते लिहून पाठवा. पानाच्या एका बाजूला, सुवाच्य. शुद्धलेखन आम्ही तपासत नाही, खरं-खोटं तपासतो.

जयभीम.